डाव्या गालाची निगेटिव्ह

३ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे वहिनीच्या फोनवरून कळलं. उजव्याचं कधी, ते विचारणार तोच तू मध्ये फोन घेतलास, कोण बोलतंय, कोण बोलतंय असं तीनदा ओरडलास आणि ठेवून दिलास. मीही ओरडायचं म्हटलं तर शेजारी गोळा होतील. म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून जगाचे निरोप जगाला पोचवले, आणि सख्ख्या भावाशी बोलायला मला तिकीट चिकटवावं लागतंय. अक्षर मुद्दाम टपोरं काढलंय. वहिनीला वाचायला लावू नकोस, बऱ्या झालेल्या डोळ्यानं स्वतः वाच.

इकडे सगळं ठीक, म्हणजे कुणी आजारी नाही. लेकीच्या लॅबमधल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. जावई सहा-सहा महिने बोटीवर. घरात नात आणि मी. चिमीला आठवं लागलंय आणि मला बासष्टावं, पण जिने मीच जास्त चढते. तिचा डबा, तिची बस, तिचे पाढे, तिचा हरवलेला एकच मोजा. रिटायर झाल्यावर नुसती बसून राहीन म्हणाले होते. बसते, पण बसच्या थांब्यावर. दमायला होतं रे, आणि दमले असं म्हणायलाही समोर कुणी नसतं.

आता काम. आमचा जुना संगणक अखेर गेला आणि तू त्यात घालून दिलेलं फोटोचं सॉफ्टवेअरही त्याच्याबरोबरच गेलं. लेकीनं नवा लॅपटॉप घेतलाय. पातळ आहे, उचलताना वाटतं आत काही ठेवायला विसरले की काय. त्यात फोटो साफ करायचं कुठलं सॉफ्टवेअर घालावं, ते सांग. इथे ज्याला विचारावं तो उंटावरचा शहाणा. खालच्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणतात, पैसे द्यायचे तर एकदाच देऊन मोकळं व्हावं, हप्त्याचं झंझट नको. स्वतःचा धंदा सोडून बाकी सगळीकडे त्यांना हे पटतं. शाळेच्या बसमधल्या मावशी म्हणतात की सगळं फोनवरच होतं, लॅपटॉप घेतलाच कशाला. लेक म्हणते, मामाला विचार.

एकच फोटो साफ करायचाय, पण दहा जुलैच्या आत. फुकट असेल तर बरं, नाहीतर खिशाला झेपेल असं. आणि सोपं हवं. शिकायचा कंटाळा नाही, पण आज शिकलेलं उद्या सांडून गेलेलं असतं.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल, वहिनीला पिडू नकोस. कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला आता दोघांकडेही ताकद नाही.

तुझी,
धाकटी


९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र स्वतः वाचलं. दोन दिवस लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला भिंत पांढरीशुभ्र दिसते, न झालेल्याला त्याच भिंतीवर चहा सांडलेला दिसतो. म्हणजे इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांचे गोरे-सावळे रंग ठरवत होतो ते चहातून बघून. कुणी तक्रार केली नाही, हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्या डोळ्याची तारीख ऑगस्टात मिळालीये.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. बाजारात चार जाती आहेत. पहिली भाड्याची. नाव मोठं, काम उत्तम, पण महिन्याच्या महिन्याला भाडं. पहिले काही दिवस फुकट म्हणतात आणि कार्डाचा नंबर आधीच घेऊन ठेवतात. नंतर बंद करायला गेलीस की नाकी नऊ येतात. एका फोटोसाठी घर भाड्यानं घेऊ नकोस. दुसरी जात एकदाच पैसे देऊन घ्यायची. तुझे विमा एजंट म्हणतात ती. वाईट नाही, पण रोज काम असणाऱ्यासाठी. तिसरी फुकट आणि सुंदर. ही सगळ्यात लबाड. काही फोटोच्या मधोमध स्वतःचं नाव छापतात, काही तुझा फोटो आपल्याकडे मागवून घेतात आणि पुढे त्याचं काय करतात ते देव जाणे. कुणाचा चेहरा असेल तर, त्यातून लहान मुलाचा, तर तिथे अजिबात चढवायचा नाही. चौथी जात हौशी लोकांनी जगभर मिळून लिहिलेली. ना पैसा, ना नाव-पत्ता, इंटरनेट बंद करूनही चालते. दिसायला ओबडधोबड, पर्याय सापडता सापडत नाहीत, पण सांगितलंस तेवढंच करते आणि नाही सांगितलंस तर गप्प बसते. माझं मत हिला. नाव आणि कुठून उतरवायची ते मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. लॅपटॉपची रॅम किती आहे ते मात्र आधी कळव.

आता माझा प्रश्न. साफ म्हणजे काय? अण्णांच्या स्टुडिओत रिटचिंगला आपण सगळे साफ करणंच म्हणायचो. धूळ असो, ओरखडा असो, कुणाचा मुरूम असो, सगळं एकाच शब्दात जायचं. अण्णा फोटो काढायचे आणि मी निगेटिव्हवर पेन्सिल घेऊन बसायचो. पुढे स्टुडिओ विकला आणि दुसऱ्याच्या दुकानात पंधरा वर्षं संगणकावर तेच केलं. तिथल्या हत्यारावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचं चित्र असतं. ज्यावर पट्टी लावली ते नाहीसं. माझा वरचेवर वाद व्हायचा मालकाशी, की अरे, जखम कुठे होती? तो म्हणायचा, तुम्ही गिऱ्हाईक बघा. तर कुठला फोटो आणि त्यातलं काय जायला हवंय, ते लिही. त्याशिवाय कुठलं हत्यार वापर ते मी सांगणार नाही.

वहिनी आशीर्वाद सांगते. गुडघे धरून सांगते, म्हणून जरा उशिरा पोचतील. लोभ असू दे असं लिहायची पद्धत आहे. तो तू सोडणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो.

तुझा,
दादा


१४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रॅम आठ आहे, असं खोक्यावर लिहिलंय. माझ्यात मात्र काही राम उरलेला नाही.

तुझं ऐकलं नाही, हे आधीच कबूल करते. तुझी ती हौशी लोकांची जात उतरवली, उघडली, आणि पडद्यावर इतकी बारीक चित्रं आली की मी चष्मा काढून ठेवून चहा केला. मग एजंटांच्या मुलीनं तिच्या फोनवर होतं ते लॅपटॉपवर घालून दिलं. फुकट आणि सुंदर, म्हणजे तुझी तिसरी लबाड जात. त्यात मी चिमीचा फोटो उघडला. दादा, मी कशालाही हात लावला नव्हता. फोटो सुधारतोय असं काहीतरी आलं, एक चक्र फिरलं, आणि चिमीचा डावा गाल कोरा झाला.

तू तिला तीन वर्षांत पाहिलेलं नाहीस, म्हणून आठवण करून देते, माझ्या गालावर डोळ्याखालून हनुवटीपर्यंत जन्मापासूनचा जो तपकिरी डाग आहे, तोच तिनं घेतलाय. त्याच गालावर, अगदी तस्सा. लेकीला नाही आला, एक पिढी टाकून आला. शाळेच्या ओळखपत्रासाठी घरूनच फोटो पाठवायचाय, दहा जुलैपर्यंत. लेकीचं म्हणणं, त्यात डाग नको. आणि मलाही ते चालणार होतं. खोटं कशाला बोलू, तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला तेच करायचं होतं.

पण चिमी माझ्या मागे उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली की आता मी आजीसारखी झाले. मला कळेना. माझ्यासारखी म्हणजे डाग असलेली, असं म्हणायचं असेल तर तो आत्ताच गेला होता. मग ती धावत जाऊन जुना अल्बम घेऊन आली आणि माझ्या आठव्या वर्षीच्या फोटोवर बोट ठेवलं. स्टुलावर बसलेली, दोन वेण्या, हातात अण्णांचा उजेड मोजायचा लाइट मीटर. गाल स्वच्छ.

मी तिला समजावलं की तो डाग माझ्या जन्मापासून आहे, फोटोत फक्त दिसत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी चोरताना सापडलेय. म्हणाली, आजी, तू खोटं बोलतेस. तुला म्हातारी झाल्यावर आला. लहान मुलांना नसतो, फक्त मलाच आहे. मी पान उलटलं, शाळेचा फोटो, कोरा. लग्नाचा, कोरा. त्यानंतरच्या साऱ्या फोटोंत मी उजवा गाल पुढे करून उभी. आख्ख्या अल्बममध्ये माझ्या बाजूनं साक्ष द्यायला एक चेहरा नाही. ती पोर वर्गात बसून वर्षभर समजत आलीये की जगात असं आपणच एकटे आहोत, आणि माझ्यावर तिचा विश्वास नाही, कारण फोटोवर आहे.

अण्णांना पोटच्या पोरीची, माझी, लाज वाटायची, हे मी लहानपणीच ओळखलं होतं. कधी बोलले नाही. बोलून काय होणार होतं? पण आता मला तुझ्याकडून एक काम करून हवंय. तू जन्मभर रिटचिंग केलंस. काढता येतो तर घालताही येत असेल. त्या स्टुलावरच्या फोटोत माझा डाग रंगवून दे. हवं ते सॉफ्टवेअर घे, भाड्याचं घे, भाडं मी देते. दहा जुलैच्या आत. चिमीला दाखवायचाय.

ते लबाड सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. काढताना त्यानं तीनदा विचारलं, नक्की का. आधी गालाला हात लावताना एकदा विचारलं असतं तर? असो. डोळा जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१६ जून

ती. मामास,
शि. सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. आईनं तुम्हाला तिच्या फोटोत डाग रंगवायला सांगितलंय, हे ती मला म्हणाली. मामा, कृपा करून तसं करू नका.

चिमी वर्गात डबा खाताना डाव्या हातानं गाल झाकून बसते, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं. एका हातानं खाते म्हणून अर्धा डबा परत येतो. आईला वाटतं की तिला भूक नसते. मी तिला सांगितलेलं नाही, कारण ते ऐकून ती दोन दिवस जेवणार नाही. ओळखपत्र रोज गळ्यात असतं. त्यावर तरी एक वर्ष तिला हवा तसा चेहरा असू दे, एवढंच माझं म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलंय की मोठी झाल्यावर उपचारांचा विचार करता येईल. तोवर दिवस काढायचेत. आई म्हणते, आहे तसं दाखवावं. म्हणायला ठीक आहे. पण आईचे स्वतःचे सगळे फोटो साफ केलेले आहेत, आणि ती नोकरी करायची तीही चेहरा न दिसणारी. तिला चाललं ते माझ्या मुलीला का नाही?

मी हे रागानं लिहीत नाहीये. बारा तास उभी राहून आल्यावर राग येत नाही, नुसतं बसावंसं वाटतं. मामींना नमस्कार. आपला लोभ आईपुरताच न राहता माझ्यापर्यंत यावा.

आपली,
भाची


२१ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं काम मी करणार नाही. रंगवता येतो, अगदी सहज. पण चिमी आठ वर्षांची आहे, खुळी नाही. ज्या पोरीनं चक्र फिरून डाग जाताना पाहिलाय, तिला तो कसा येतो हेही लगेच कळेल. मग तुझी उरलीसुरली पतही जाईल.

दुसरं लिहायचंय, ते लिहायला चार दिवस बसलोय. वहिनी विचारते की सॉफ्टवेअरवर एवढं काय लिहितोस.

अण्णांनी तुझा एकही फोटो साफ केला नाही. सगळे मी केले, आपणहून. तो स्टुलावरचा पहिला. मी सोळा वर्षांचा होतो, बिघडलेल्या निगेटिव्हवर हात बसवत होतो. अण्णांनी तुझा फोटो काढला आणि निगेटिव्ह वाळत ठेवून कुणाच्यातरी समारंभाला गेले. निगेटिव्हवर सगळं उलटं, गोरा गाल काळा आणि तुझा डाग फिकट, जवळजवळ काचेसारखा. तो भाग पेन्सिलीनं भरत गेलं की छापताना बाकीच्या गालासारखा येतो. त्याच आठवड्यात गल्लीतल्या पोरांनी तुला काय चिडवलं होतं ते तुलाही आठवत असेल, मी दोघांना झोडपलंही होतं. मला वाटलं, निदान इथे तरी मी हे घालवू शकतो. एक अख्खी दुपार बसून घालवलं. खरं सांगतो, अर्धी माया होती आणि अर्धी मिजास. इतकं मोठं काम मी तोवर केलं नव्हतं.

अण्णा आले, त्यांनी भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाले की हात कुठे फिरलाय ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी मला रिटचिंगचं टेबल दिलं आणि तो फोटो दुकानाच्या काचेत लावला. माझं काम म्हणून लावला गं, तुझा चेहरा झाकला म्हणून नव्हे. तू शाळेतून येताना त्या काचेसमोर उभी राहिलीस आणि आत निघून गेलीस. मी पाहिलं होतं. त्यानंतर थांबता आलं नाही. एक साफ केला आणि पुढचा नाही, तर तू विचारलं असतंस की का. म्हणून करत गेलो. अण्णांनी कधीही, एकदाही, हिचा डाग काढ असं मला सांगितलेलं नाही. तुला ते तसं वाटत होतं, हे मला तुझ्या या पत्रातून कळलं. तरी आधीच कळायला हवं होतं, मी काही दगड नव्हतो.

स्टुडिओच्या निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत, पाकिटांवर अण्णांच्या अक्षरात तारखा. ती पेन्सिल फिल्मवर एका औषधाच्या पातळ थरावर बसलेली असते. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसली तर निघायला हवी. फिल्मला चोपन्न वर्षं झालीत, चित्रही निघून येऊ शकतं. तू हो म्हणालीस तरच हात लावतो.

तुला जो लोभ ठेवायचा असेल तो ठेव.

दादा


२६ जून

दादा,

पुस.

तुला सांगायला चोपन्न वर्षं लागली. अण्णा जाऊन एकोणीस झाली. शेवटच्या वर्षी त्यांनी कॅमेरा काढला, लेन्स फुंकून पुसली आणि मला म्हणाले की उजेड छान आहे, समोर बस, तुझा एक काढतो. मी तोंडावर म्हटलं की कशाला, साफच करणार ना. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. तुझं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

हे मी आता कुणाला सांगू?

धाकटी


२ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सोबत निगेटिव्ह आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलीये, सावकाश उघड, कडेला धर.

सकाळच्या उन्हात खिडकीशी बसून पुसली. हात थरथरतो म्हणून वहिनीनं मनगट धरलं होतं. पेन्सिल निघाली. चित्र शाबूत आहे. एक डोळा अजून चहातूनच बघतो, तेव्हा कुठे काही राहिलं असेल तर मला दिसलेलं नाही.

छापणारा आता कुणी उरला नाही, तूच कर. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघड, उजेड पूर्ण वाढव. लॅपटॉप उताणा होईल तेवढा कर. पडद्यावर थेट निगेटिव्ह ठेवू नकोस, बारीक चौकटी दिसतील. चार रबरं ठेव, त्यावर फोटोफ्रेमची काच, काचेवर निगेटिव्ह. फोननं वरून सरळ फोटो काढ, खोलीतले दिवे बंद. मग तो फोटो हौशी लोकांच्या त्या ओबडधोबड सॉफ्टवेअरमध्ये उघड. वरच्या ओळीत रंगांचा पर्याय आहे, त्यात इन्व्हर्ट म्हणून आहे. ते दाबलं की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. ते सॉफ्टवेअर स्वतःहून काही करणार नाही, म्हणूनच तुला ते सांगितलं होतं.

चिमीला जवळ बसव. तिच्यासमोर कर, आधी करून ठेवू नकोस.

भाचीचं पत्र आलं होतं. तिचं चूक नाही. चिमीच्या ओळखपत्राचं तुम्ही तिघी बसून ठरवा, त्यात मी बोलायचा अधिकार सोळाव्या वर्षीच घालवलाय. अण्णांबद्दल तू विचारलंस की कुणाला सांगू. मला सांगत जा. ओरडून सांगितलंस तरी चालेल, तेवढं ऐकू येतं.

लोभाचं तुझं तू बघ.

दादा


८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निगेटिव्ह शनिवारी पोचली. रविवारी लेकीला सुटी होती, म्हणून तोवर थांबले. पडदे लावले, दिवे घालवले, आणि आमच्या तिघींची डोकी त्या लॅपटॉपवर. रबरं तीनच सापडली. चौथ्या कोपऱ्याखाली लेकीनं औषधाच्या गोळ्यांचं पाकीट दुमडून घातलं.

काचेवर ठेवल्यावर चिमी हसली. पांढरे केस, काळा चेहरा, पांढऱ्या बाहुल्या. म्हणाली की ही तर भूत आहे. फोटो काढला, ते ओबडधोबड उघडलं. बारीक चित्रं तिला बरोबर दिसतात. मी पर्याय वाचून सांगत होते आणि संगणकाचा उंदीर तिच्या हातात. इन्व्हर्ट तिनंच दाबलं.

दादा, मी माझा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. आरशात पाहिला असेल, पण आठ वर्षांची असताना आरशात मी वेण्याच बघायची. डोळ्याखालून सुरू होऊन गालभर, कडा थोड्या वाकड्यातिकड्या, अगदी जसाच्या तसा. आणि मी त्यात रडकी नाही रे. मजेत आहे. अण्णांनी काहीतरी गंमत केली असणार, मी त्यांच्याकडे बघून हसू दाबतेय. तुझ्या साफ केलेल्या फोटोतही तेच हसू होतं, पण माझी नजर नेहमी गालावर अडायची. पुढे जायचीच नाही.

 चिमीनं पडद्यावर बोट फिरवलं, मग माझ्या गालावर फिरवलं. मग विचारलं की हिला कुणी चिडवायचं का. हिला म्हणाली, तुला नाही. मी म्हटलं, हो. काय म्हणायचे, तर तेही सांगितलं, सगळं, एकही शब्द न गाळता. लेक माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, तिलाही ते ठाऊक नव्हतं. त्यावर चिमीनं तिला काय म्हणतात ते सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा. तीन नावं आहेत, त्यातलं एक आपल्या गल्लीतलंच. पोरांना चोपन्न वर्षांत नवं काही सुचलेलं नाही. मग डब्याचंही निघालं. लेक उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

त्या एका फोटोनं जादू झाली असं समजू नकोस. काल सकाळी चिमीनं पुन्हा शाळेत जायचं नाही म्हणून धिंगाणा घातला आणि बस चुकली. मी तिला घेऊन चालत गेले, पाय अजून बोलताहेत. पण ओळखपत्राचा फोटो आज गेला, आहे तसा. लेकीनं फक्त कडा कापल्या आणि उजेड थोडा वाढवला. चिमीनं अट घातलीये की वर्गाच्या फोटोत ती शेवटच्या टोकाला उभी राहणार, डावा गाल आतल्या बाजूला करून. मी म्हटलं, राहा. मीही जन्मभर तेच केलं, कुठल्या तोंडानं नको म्हणू.

तुझ्यावरचा राग गेला नाही. एवढ्यात जाणारही नाही, माझं वय बघता त्याला घाई करावी लागेल. पण अण्णांबद्दल तू लिहिलंस ते मी दिवसातून दोनदा वाचते. हात कुठे फिरलाय ते कळत नाही, हे त्यांचं वाक्य तू त्यांच्याच आवाजात लिहिलंयस, मला ऐकू येतं. वहिनीच्या हातांना माझा वेगळा नमस्कार, तुझं मनगट धरल्याबद्दल.

उजव्या डोळ्याची तारीख पक्की झाली की कळव, मी येईन. कळावे. लोभ करायचा की नाही ते माझं मी बघावं म्हटलंस, तर बघितलं. आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट बंद करणार होते, पण चिमीनं अडवलं. ती आत्ता पुन्हा लॅपटॉप उघडून बसलीये, फोटो मोठा करून. म्हणते की आजीचा डाग पूर्ण आलेलाच नाही, खाली हनुवटीपाशी पेन्सिल तशीच राहिलीये. म्हणून निगेटिव्ह परत पाठवतेय. मामाआजोबांना म्हणावं, नीट पुसा.